‘प्रश्न उद्भवत नाही’

महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची यादी विरंगुळा म्हणून वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतःही विरंगुळा म्हणून वाचत नाही. पण गेली सतरा-अठरा वर्षे वाचतो आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी पतसंस्थेतली. कायद्याचा किंवा राज्यशास्त्राचा पदवीधर नसल्यामुळे मला या याद्या कशा वाचाव्यात हे कुणी शिकवले नाही. पतसंस्थेत कर्जाचे अर्ज वाचताना एक सवय लागली होती. अर्जदाराने काय लिहिले यापेक्षा कुठला रकाना रिकामा सोडला हे आधी पाहायचे. तीच सवय इथे कामी आली.

यादीतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. वर सदस्यांची नावे, कंसात मतदारसंघ. मग ‘सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ने संपतो. दुसरा ‘असल्यास’ने सुरू होतो आणि विचारतो, की सदर प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. शेवटचा भाग ‘नसल्यास’चा; त्यात विलंबाची कारणे विचारलेली असतात. समोर उत्तर. तेही साच्यातले. ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’. आणि पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले, की उरलेल्या सगळ्या भागांसमोर एकच ओळ उमटते : ‘प्रश्न उद्भवत नाही’.

या ओळीचे मला पूर्वी हसू येई. आता येत नाही, कारण ती कशी तयार होते हे बऱ्यापैकी कळले आहे.

आमच्या तालुक्यातले उदाहरण सांगतो. ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्र होते, ते चालवणारा तंत्रज्ञ नव्हता. लोक हात मोडला तरी जिल्ह्याच्या गावी जात. एका आमदारांनी प्रश्न लावला : तंत्रज्ञाचे पद तीन वर्षांपासून रिक्त असल्याने यंत्र बंद असून रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? उत्तर आले, ‘हे खरे नाही’. पुढे अर्थातच ‘प्रश्न उद्भवत नाही’. गावात लोक चिडले. सरकार धडधडीत खोटे बोलते म्हणाले. पण उत्तर काटेकोरपणे पाहिले तर खोटे नव्हते. शेजारच्या तालुक्यातला तंत्रज्ञ अतिरिक्त कार्यभार म्हणून आठवड्यातून दोन दिवस येत असल्याची नोंद कागदावर होती. म्हणजे यंत्र ‘बंद’ नव्हते. एका वाक्यात तीन दावे होते : पद रिक्त, यंत्र बंद, रुग्णांची गैरसोय. तिन्हींतला सगळ्यांत दुबळा दावा उचलून खात्याने अख्खे वाक्य नाकारले.

पुढच्या अधिवेशनाच्या आधी त्या आमदारांच्या पीएबरोबर बसून आम्ही तोच प्रश्न पुन्हा लिहिला. या वेळी दावा एकही नव्हता. मंजूर पदे किती, त्यांपैकी नियमित नेमणुकीने भरलेली किती आणि कोणत्या दिनांकापासून, गेल्या बारा महिन्यांत किती दिवस क्ष-किरण तपासणी झाली, एकूण तपासण्या किती. ‘किती’ला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही. आकडे आले आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने ते चौकटीत छापले. पद भरायला त्यानंतरही आठ महिने लागले आणि आलेला माणूस वर्षभरात बदलून गेला, ही गोष्ट वेगळी. पण ‘रुग्णालयात तंत्रज्ञ आहे’ असे त्यानंतर कुठल्याही बैठकीत कुणी म्हणू शकले नाही.

संसदीय प्रश्नाचे सामर्थ्य कशात आहे, असे मला विचाराल तर मी इथे बोट ठेवीन. दूरचित्रवाणीवर दिसते ती खडाजंगी हा या साधनाचा दर्शनी भाग. खरे काम असे, की प्रश्नामुळे सरकारला एक वाक्य लिहून, मंत्र्याच्या नावाने, सभागृहात ठेवावे लागते. ते वाक्य मागे घेता येत नाही. घ्यायचे झाले तर पुन्हा सभागृहातच येऊन दुरुस्ती करावी लागते, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असे ठरले तर हक्कभंगाची तलवार टांगती असते. पत्रकार परिषदेत बोललेल्या वाक्याला हे लागू नाही.

हा अधिकार आपल्याकडे एका दिवसात आला नाही. ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहात १७२१ साली साउथ सी कंपनीच्या पळून गेलेल्या खजिनदाराबद्दल अर्ल कौपर यांनी विचारलेला प्रश्न हा नोंद झालेला पहिला संसदीय प्रश्न मानतात. म्हणजे जन्मच मुळी एका आर्थिक घोटाळ्याच्या पोटी झालेला! हिंदुस्थानात १८९२ च्या कौन्सिल कायद्याने सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली आणि १८९३ च्या फेब्रुवारीत भिनगाच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. विषय काय, तर दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या छावण्यांना माल पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना सोसावा लागणारा जाच. मला हा विषय फार आवडतो. साम्राज्याच्या कायदे मंडळातला पहिला प्रश्न गावातल्या वाण्याच्या उधारीपाशी येऊन थांबला होता.

पण त्या मुभेत एक खोच होती. उत्तर आले की ते ऐकून गप्प बसायचे. त्यावर उलट प्रश्न नाही. पूरक प्रश्न विचारण्याचा हक्क १९०९ च्या सुधारणांनी दिला, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. तो सर्व सदस्यांना मिळायला १९१९ चा कायदा यावा लागला. त्यानंतरच्या मध्यवर्ती विधिमंडळात, १९२१ पासून, ज्याला तोंडी उत्तर हवे त्याने आपल्या प्रश्नावर तारकेची खूण करायची अशी पद्धत पडली. ‘तारांकित’ हा शब्द तिथला. पूरक प्रश्नाचा हक्क देताना राज्यकर्त्यांनी सत्तावीस वर्षे घेतली, यावरून त्यांना भीती कशाची होती हे कळते. मूळ प्रश्नाचे उत्तर खाते लिहिते. पूरक प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला स्वतः उभे राहून द्यावे लागते.

मुंबई कायदे मंडळातही हे साधन कसून वापरले गेले. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात त्यांची मुंबई विधिमंडळातली कामगिरी आली आहे. भाषणे सगळेच वाचतात. बाबासाहेबांनी विचारलेले प्रश्न आणि सरकारची उत्तरे मात्र बहुतेक जण उलटून पुढे जातात. वाचकांनी तिथे मुद्दाम थांबावे अशी माझी विनंती आहे. आवाज चढवण्याला वाव नसलेल्या या कोरड्या प्रकारात बॅरिस्टराची उलटतपासणी कशी दिसते, ते कळेल.

आजची व्यवस्था थोडक्यात अशी. लोकसभेत बैठकीचा पहिला तास, अकरा ते बारा, प्रश्नांचा. राज्यसभेत तो २०१४ च्या अखेरीस बारा वाजता हलवला. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. प्रश्नाची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. आलेल्या सूचनांचा क्रम सोडतीने ठरतो. म्हणजे कितीही ज्वलंत प्रश्न असला तरी चिठ्ठी निघाली तर निघाली. मंत्रालयांचे पाच गट करून आठवड्याचे वार वाटलेले असतात, त्यामुळे प्रत्येक मंत्र्याची गाठ आठवड्यातून एकदाच पडते. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात तर्क, अनुमान, उपरोध, आरोप नकोत. काल्पनिक परिस्थितीवर मत मागायचे नाही. न्यायप्रविष्ट बाब नको. आपल्या विधिमंडळात याच धाटणीचे नियम आहेत, आणि शिवाय अल्पसूचना प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा अशी भावंडे आहेत. लक्षवेधीला हल्ली प्रश्नापेक्षा जास्त भाव आहे, कारण ती ताजी असते आणि कॅमेऱ्यात मावते. त्यावर स्वतंत्र लेख होईल.

उपरोध नको, आरोप नको, या नियमांवर तरुण कार्यकर्ते चिडतात. मला ते नियम प्रश्नकर्त्याचेच मित्र वाटतात. विशेषणे काढून टाकली की प्रश्नाला धार येते.

याचे स्वतंत्र भारतातले सगळ्यांत मोठे उदाहरण १९५७ चे. आयुर्विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन सप्टेंबर १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ उभे राहिले होते, मुख्यालय मुंबईत. लाखो पॉलिसीधारकांचा पैसा एका सरकारी संस्थेच्या हाती आला. वर्षही झाले नव्हते, तोच जून १९५७ मध्ये महामंडळाने कलकत्त्याचे व्यापारी हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती. तिला न विचारता. वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू झाली. त्या वर्षाच्या उत्तरार्धात लोकसभेत यावर प्रश्न आले. पहिल्या उत्तरातून हाती फारसे लागले नाही, म्हणून पुन्हा प्रश्न आला. उत्तरे आणि बाहेर मिळत असलेली माहिती यांचा मेळ बसेना, तेव्हा १६ डिसेंबरला सभागृहात चर्चा झाली. ती सुरू करणारे फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी हे मंत्रिमंडळातले अत्यंत वजनदार नाव.

फिरोज गांधींची ताकद त्यांच्या तयारीत होती. कोणत्या दिवशी कोणत्या शेअरचा बाजारभाव काय होता आणि महामंडळाने काय भाव दिला, हे त्यांच्याजवळ होते. बुडणाऱ्या माणसाला तारण्यासाठी विमेदारांचा पैसा वापरला, असे नुसते ओरडून सांगितले असते तर ‘हे खरे नाही’ एवढ्यावर भागले असते. तारखा आणि भाव समोर ठेवल्यावर भागेना. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. ऐकायला एवढी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काही आठवड्यांत अहवाल आला. सचिवाने केले, मला माहीत नव्हते, असे म्हणून मंत्र्याला सुटता येणार नाही, हे छागलांनी स्पष्ट केले. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

छागलांच्या अहवालातला एक मुद्दा मला मंत्र्याच्या जबाबदारीइतकाच महत्त्वाचा वाटतो. मंत्र्यांनी संसदेला सुरुवातीलाच विश्वासात घेऊन सगळी संबंधित माहिती समोर ठेवावी. नाही तर ती इतर मार्गांनी बाहेर येते आणि मग अडचण होते, अशा आशयाचे ते मत आहे. दुसऱ्या शब्दांत, पहिल्या प्रश्नालाच सरळ उत्तर दिले असते तर गोष्ट इतकी चिघळली नसती. व्यवहार जूनचा, राजीनामा फेब्रुवारीचा. मधला सगळा काळ उत्तरे अपुरी असल्याचा आहे.

याच कृष्णम्माचारींचे नाव प्रश्नांच्या इतिहासात त्याआधी एकदा येते, आणि तेही मुंबईच्या संदर्भात. १९५१ साली हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर आरोप आला, की मुंबईच्या सराफ-व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन ते सभागृहात प्रश्न विचारतात. चौकशी समितीचे अध्यक्ष होते कृष्णम्माचारी. समितीने मुद्गलांना दोषी धरले. हकालपट्टी होणार हे दिसताच त्यांनी राजीनामा दिला. पुढे २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारण्याची तयारी दाखवणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि ११ जणांना संसदेने काढून टाकले. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोन होते. २०२३ च्या डिसेंबरात महुआ मोइत्रा यांची खासदारकी गेली ती प्रश्नांशीच जोडलेल्या आरोपावरून. त्या प्रकरणात बाजू घेण्याचे हे ठिकाण नव्हे.

मला यातून वेगळेच नोंदवावेसे वाटते. प्रश्न विकत घ्यावा असे कुणाला वाटते, याचा अर्थ प्रश्नाला किंमत आहे. आणि प्रश्न कुठून येतात याबद्दल फार सोवळेपण बाळगण्यात अर्थ नाही. आमदार स्वतः बसून सगळे प्रश्न लिहीत नाहीत. वार्ताहराने दिलेली कात्रणे, डावललेला कर्मचारी, निविदा हुकलेला कंत्राटदार, गावचा माजी सरपंच, पीएचा मेव्हणा – कुठूनही येतात. हेतू मिश्र असतात. मुंदडा प्रकरणात माहिती पुरवणारे सगळे साधू होते, असे कोण म्हणेल? पैसे घेणे हा गुन्हाच. पण त्याबाहेर, प्रश्न खरा असेल तर विचारणाऱ्याच्या कानात कुणी सांगितले याने उत्तराची जबाबदारी कमी होत नाही.

आता अलीकडची एक जोडी दाखवतो. सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त शिकवले ते या जोडीने.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मजूर चालत निघाले. आपल्याकडे ८ मेच्या पहाटे जालना-औरंगाबाद दरम्यान करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली, ते विसरण्यासारखे नाही. सप्टेंबरात संसदेचे अधिवेशन भरले. करोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द केला होता. (आणीबाणीतल्या १९७५ च्या अधिवेशनातही तो रद्द होता, कारणे वेगळी, परिणाम एक.) लेखी उत्तरे तेवढी चालू ठेवली. १४ सप्टेंबरला लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारले गेले, की घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का? लेखी उत्तर : अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि भरपाईच्या भागाला : वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. त्याच मंत्रालयाकडे एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर घरी परतले, हा आकडा मात्र होता.

त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाचे लेखी उत्तर आले : श्रमिक विशेष गाड्यांमधून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला.

दोन उत्तरे शेजारी ठेवा. एक मंत्रालय म्हणते आकडा नाही. दुसरे, त्याच सरकारचे, निदान एका तुकड्याचा आकडा देते. तो तास चालू असता तर कुठल्याही खासदाराने पूरक प्रश्न विचारला असता : रेल्वेजवळ आहे तो आकडा श्रम खात्याने मागवला का? मागवला नसेल तर का नाही? आणि आकडा आहे म्हटल्यावर भरपाईचा प्रश्न उद्भवतो की नाही? या तीन प्रश्नांना लेखी सोय नाही. १८९३ मध्ये भिनगाच्या राजांना होती तेवढीच मुभा २०२० च्या त्या अधिवेशनात खासदारांना उरली होती. उत्तर घ्या आणि बसा.

त्यानंतरच्या जुलैत, २० तारखेला, राज्यसभेत आरोग्य मंत्रालयाला विचारले गेले, की दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या तीव्र टंचाईमुळे रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने रुग्ण दगावले का? लेखी उत्तर आपल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार, राज्यमंत्री भारती पवार यांच्या नावे होते. प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याचे राज्ये व केंद्रशासित प्रदेशांनी ‘विशिष्टपणे कळवलेले नाही’, असा त्याचा आशय. देश हादरला. तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण गेले होते. पण उत्तर वाचा. मृत्यू झाले नाहीत असे ते म्हणतच नाही. राज्यांनी तसे कारण लिहून कळवले नाही, एवढेच म्हणते; आणि राज्यांत तेव्हा सगळ्याच पक्षांची सरकारे होती. शिवाय नाशिकची घटना टंचाईची नव्हती, पुरवठा खंडित झाल्याची होती. ‘टंचाई’ या शब्दाच्या जाळ्यातून ती अलगद निसटते. ‘प्राणवायूचा पुरवठा कोणत्याही कारणाने खंडित वा अपुरा झाला असताना दाखल असलेल्या किती रुग्णांचा मृत्यू झाला, आणि मृत्यूचे कारण कळवण्याच्या नमुन्यात यासाठी रकाना होता काय’ असे विचारले असते तर? रकान्याचा प्रश्न मला सुचतो तो पतसंस्थेमुळे. जिथे रकाना नाही तिथे माहिती नाही, आणि रकाना कुणी ठेवला नाही याचे उत्तर कुणालातरी द्यावे लागतेच.

‘माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर म्हणून पोकळ असले तरी पुरावा म्हणून भरीव आहे. सरकार काय मोजत नाही, याची ती सहीची कबुली असते.

तोंडी उत्तराचे महत्त्व एवढे असेल तर तो तास नीट चालतो का? लोकसभेत वीसपैकी चार-पाच तारांकित प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोचले तरी दिवस बरा गेला म्हणतात. २७ नोव्हेंबर २०१९ ला विसाच्या वीस झाले, तर ती बातमी झाली. तसे आधी घडले होते १९७२ मध्ये. उलट ३० नोव्हेंबर २००९ ला प्रश्न लावणारे खासदारच जागेवर नव्हते म्हणून तास कोसळला. शिवाय बैठकांचे दिवसच आटत चालले आहेत. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. पूर्ण मुदत संपवलेल्या सतराव्या लोकसभेच्या २७४. गोंधळामुळे तास वाया गेला तर तारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी म्हणून पटलावर ठेवली जातात. याचा अर्थ विरोधकांनी लक्षात घ्यायला हवा. प्रश्नोत्तराच्या तासात घोषणा देत हौद्यात उतरले, की मंत्र्याची पूरक प्रश्नांतून सुटका होते. माझ्या मते सरकारवर याहून मोठा उपकार नाही. कुठलाही पक्ष सत्तेत असो, विरोधात बसला की हेच करतो.

उत्तरानंतर काय, हा भाग सर्वांत दुर्लक्षित. ‘तपासून पाहू’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’ ही वाक्ये आपण टोलवाटोलवी म्हणून सोडून देतो. नियमांत ती आश्वासने आहेत. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे. अशा वाक्यांची तिने यादीच ठरवून ठेवली आहे, आणि तीन महिन्यांत पूर्तता व्हावी अशी अपेक्षा असते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. मुदतवाढी घेत आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळतात हे खरे. पण ज्या सदस्याने आपल्या प्रश्नाची नोंद ठेवली तो पुन्हा उठून विचारू शकतो. अशी वही ठेवणारे सदस्य मला फार थोडे दिसले. पीए बदलला की वही जाते.

आणखी एक धागा सुटत चालला आहे, तो सामान्य माणसाशी जोडलेला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहितीच्या अपवादाला एक वाक्य जोडलेले होते : जी माहिती संसदेला वा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. खासदाराला मिळेल ते नागरिकाला मिळेल, एवढा सरळ अर्थ. आमच्यासारख्या, कुठल्याही विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या वाचणाऱ्यांना त्या वाक्याचा फार आधार होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते कलमच बदलले आणि वाक्यही गेले. आता एखाद्या कर्मचाऱ्याच्या नेमणुकीचा किंवा लाभार्थींच्या यादीचा कागद मला ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारला, तर आमदारामार्फत प्रश्न लावणे हा उरलेला रस्ता. तो रस्ता आमदाराच्या मर्जीवर आहे.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे. याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात, त्या उतरवून घेता येतात. आपल्या जिल्ह्याचे नाव शोधा. उत्तराचा पहिला भाग ‘हे अंशतः खरे आहे’ असा असेल तर तो प्रश्न बाजूला काढून ठेवा. कोणता अंश खरा हे उत्तरात सांगितले आहे का पाहा, आणि नसेल तर पुढच्या अधिवेशनाची सूचना देण्याची मुदत संपण्याआधी आपल्या आमदारांच्या कार्यालयात जा. जाताना तोच प्रश्न ‘किती’ आणि ‘कोणत्या दिनांकापासून’ घालून कागदावर लिहून न्या. पीए मंडळींना लिहून आणलेला प्रश्न फार आवडतो.